बी फेजचे दहा तास

१३ जून १९९७, शुक्रवार. दिल्लीच्या ग्रीन पार्कमधल्या ‘उपहार’ चित्रपटगृहात ‘बॉर्डर’ लागला होता. इमारतीच्या तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेला लागून, दोन ट्रान्सफॉर्मर होते. त्यांतला मोठा, १००० केव्हीएचा, दिल्ली विद्युत बोर्डाचा. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याचं काय काय झालं, हे न्यायालयांच्या निकालांत जवळजवळ मिनिटागणिक नोंदलेलं आहे.

इंदूरमध्ये वायरिंगची कामं करताना माझ्यासमोर येणारा प्रश्न याहून फार लहान असतो. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटसारख्या जुन्या बाजारातलं दुकान, वर लाकडी माळा, माळ्यावर कापडाचे गठ्ठे आणि त्यांच्या अंगावरून गेलेलं पत्र्याचं ट्रंकिंग, म्हणजे तारा नेणारी लांब पेटी. मालक म्हणतात, “भाऊ, एवढं लोखंड आहेच की. तेच अर्थ धरा. वेगळी तांब्याची तार कशाला?” प्रश्न पैशाचा आहे आणि वावगा नाही. पण उत्तर द्यायला मला तो शुक्रवार सांगावा लागतो.

सकाळी ६.५५ : दहा तास आधी

ट्रान्सफॉर्मरच्या खोलीतून स्फोटासारखा आवाज आला. पहारेकऱ्याला धूर दिसला. अग्निशमन दल आलं, बोर्डाला कळवलं गेलं आणि ७.२५ पर्यंत आग आटोक्यात आली. लो टेन्शन बाजूच्या, म्हणजे लोकांकडे वीज नेणाऱ्या बाजूच्या, तीन केबलची टोकं अर्धवट जळालेली निघाली. माणसं सगळी सुखरूप होती.

माझ्या मते पूर्ण दिवसातली सर्वांत मोलाची घटना हीच. केबलची टोकं जळेपर्यंत जवळचा एकही ब्रेकर का पडला नाही, हा प्रश्न सकाळी साडेसातलाच विचारता आला असता. उत्तर नंतरच्या तपासण्यांत मिळालं: हाय टेन्शन पॅनेलवर बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारी रिलेची व्यवस्थाच नव्हती. ट्रान्सफॉर्मरच्या आतला वायू आणि तेलाची हालचाल ओळखणारा बुखोल्झ रिले नव्हता, तापमान दाखवणारा मीटरही नव्हता. पुरवठा चालू करायची सोय होती. बिघाड झाल्यावर आपोआप तोडायची नव्हती. आणि या इमारतीतल्या ट्रान्सफॉर्मरने आग पाहिली होती ती काही पहिल्यांदा नव्हे. १९८९ च्या जुलैमध्येही इथे पेट घेतला होता.

सकाळी १०.३० : सहा तास पंचवीस मिनिटं आधी

बोर्डाचे दोन निरीक्षक आणि एक सीनियर फिटर आले. तीन फेजांपैकी बी फेजच्या केबलची दोन अॅल्युमिनियमची सॉकेटं, ज्यांना वायरमन लग म्हणतात, बदलली. क्रिम्पिंगचं मशीन वापरलं नाही. डाय आणि हातोडा वापरून लग ठोकून बसवले.

इथे जरा थांबतो, कारण पुढचं सगळं या हातोड्यातून निघालं असं खटल्यात मांडलं गेलं. अॅल्युमिनियमवर हवेत ऑक्साइडचा पातळ थर कायम असतो आणि तो वीज नेत नाही. क्रिम्पिंग मशीन लगच्या नळीला सगळ्या बाजूंनी सारखं दाबतं, तेव्हा केबलचे धागे आणि नळीची भिंत एकमेकांत घुसतात, थर फुटतो, धातूला धातू भिडतो. हातोडा वरून मारला की नळी चपटी होते, धाग्यांच्या बाजूला पोकळी राहते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही लग सारखेच दिसतात. हाताने ओढून पाहिलं तरी दोन्ही घट्ट. पण शेकडो अँपिअर त्या चपट्या भागातल्या मोजक्या ठिपक्यांतून जाऊ लागले की ठिपके तापतात, तापले की ऑक्साइड वाढतं, ऑक्साइड वाढलं की आणखी तापतात.

आता ट्रंकिंग. ते दोन-अडीच मीटरच्या तुकड्यांत येतं. दोन तुकड्यांमध्ये जोडपट्टी आणि स्क्रू असतात. पत्र्यावर पावडर कोटिंगचा रंग असतो आणि हा रंग विजेच्या दृष्टीने प्लास्टिकच. म्हणजे वीस मीटरच्या ट्रंकिंगमध्ये आठ-नऊ ठिकाणी रंगाला रंग टेकलेला असतो आणि मधून स्क्रूच्या आट्यांनी खरवडलेल्या एखाद्या रेघेतून काय तो धातूचा संबंध. मेगरने किंवा साध्या मल्टिमीटरने तपासलं तर तिथे ‘सलग’ दाखवतं, कारण मीटरचा प्रवाह नगण्य असतो आणि त्याला ती रेघ पुरते. बिघाडाच्या प्रवाहाला पुरत नाही.

उपाय वायरमनला माहीत असतो, वेळ नसतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढी जागा खरवडून पत्रा उघडा करायचा, दातेरी वॉशर घालायचा म्हणजे त्याचे दात पत्र्यात रुततात, आणि दोन तुकड्यांमध्ये तांब्याच्या विणलेल्या पट्टीचा जंपर नट-बोल्टने कसायचा. मग उघड्या जागेवर पुन्हा रंगाचा हात, गंज चढू नये म्हणून. एका जोडाला दहा-बारा मिनिटं जातात. माणूस शिडीवर, मान वर, डोळ्यांत रंगाचा भुसा. तिसऱ्या-चौथ्या जोडानंतर खरवडणं हळूहळू लहान होत जातं, हे मी खाली उभा राहून पाहिलेलं आहे.

सकाळी ११.३० : पाच तास पंचवीस मिनिटं आधी

ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला. ग्रीन पार्कात वीज आली. काम झालं.

‘वीज आली’ हीच आपल्याकडे वायरिंगची परीक्षा. अर्थिंगची परीक्षा तशी होऊच शकत नाही, कारण अर्थची तार मुळापासून तुटलेली असली तरी दिवे तितकेच लागतात. ती तपासावीच लागते आणि काय तपासायचं हे अर्थिंगची पद्धत कोणती निवडली त्यावर ठरतं.

ट्रंकिंगसाठी रस्ते मोजके आहेत. एक, पत्र्यालाच अर्थचा रस्ता मानायचं. याला नियमांची सरसकट मनाई नाही, पण प्रत्येक जोड कायम सलग राहील याची खात्री हवी, आणि अशी खात्री मी तरी कोणाला लेखी द्यायला तयार नाही. उद्या कोणी पार्टिशन हलवताना मधला एक तुकडा काढला की पलीकडच्या सगळ्या दुकानाचं अर्थिंग गेलं, आणि कळणार कोणालाच नाही. दुसरा रस्ता, ट्रंकिंगच्या आत प्रत्येक सर्किटबरोबर हिरवी तांब्याची तार न्यायची. जाडीचा हिशेब सोपा: फेजची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर अर्थची तितकीच, ३५ पर्यंत १६, त्यापुढे निम्मी. काही जण अर्थची जीआय पट्टी भिंतीवरून वेगळी फिरवतात. ते मला पसंत नाही. फेज लोखंडी ट्रंकिंगच्या आत आणि परतीची वाट बाहेर लांबून, असं असलं की एसीला त्या वळशाचा अडथळा वाढतो. एका सर्किटचे फेज, न्यूट्रल आणि अर्थ एकाच ट्रंकिंगमध्ये, शेजारी शेजारी हवेत. मी दुसराच रस्ता घेतो आणि वर पत्र्याचे जंपरही करतो. तार अर्थिंगसाठी, जंपर यासाठी की पत्रा जिवंत झालाच तर त्याला तारेपर्यंत पोचायला वाट असावी.

ही तार शेवटी कुठे जाते, हा याहून मोठा प्रश्न. त्याचं उत्तर आत्ता देत नाही. ४.५५ ला देतो.

दुपारी ३.०० : एक तास पंचावन्न मिनिटं आधी

मॅटिनी सुरू झाला. बाल्कनीत ३०२ जागांची सोय होती. जादा खुर्च्यांसाठी उजवीकडची वाट बंद झाली होती आणि मालक कुटुंबाच्या खासगी बॉक्सने तिकडचं दार अडवलं होतं. हे सगळं परवानग्यांच्या कागदांतून गेलेलं होतं आणि खटल्यात त्याचा कीस पुढे वर्षानुवर्षं निघाला. तो मी इथे काढत नाही.

दुपारी ३.५५ : एक तास आधी

भारनियमन. त्या भागाची वीज गेली. सिनेमा चालूच राहिला.

सकाळपासून तापत असलेल्या बी फेजच्या जोडाला हा तासभर आराम मिळाला, असं वाटेल. तसं नसतं. अॅल्युमिनियम पोलादी बोल्टपेक्षा जास्त पसरतं आणि जास्त आकसतं. तापताना ते बोल्टखाली दबून मऊ होतं, निवताना आकसतं आणि मधे फट सोडून जातं. सैल जोडाला सतत चालू राहण्यापेक्षा बंद-चालू जास्त मारक. त्यात जूनचा महिना. तासभराने वीज परत येते तेव्हा वस्तीतले कूलर, एसी आणि पाण्याचे पंप एकदम ओढ घेतात.

संध्याकाळी ४.५५

वीज परत आली.

न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालात पुढचं वर्णन आहे. बसबारवरच्या जोडांना, एक वाय फेजचं खालचं टर्मिनल आणि न्यूट्रल सोडले तर, चेक नटच नव्हते. न्यूट्रलवरचा होता तोही सैल. बोल्टपाशी सतत ठिणग्या उडून सॉकेटचा धातू खात गेला. बोल्ट ज्यातून जातो तो सॉकेटचा बंद गोल डोळा एका बाजूने उघडून इंग्रजी ‘यू’सारखा झाला. केबलला खालून आधार देणारे क्लॅम्प नव्हते, त्यामुळे तिचं सगळं वजन त्याच टोकावर होतं. ती निसटली आणि जिवंत टोकासकट ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरवर आली. रेडिएटरच्या पातळ पात्याला भोक पडलं, तेल बाहेर येऊ लागलं आणि पेटलं.

वायरमनच्या भाषेत हा सरळ ‘बॉडी फॉल्ट’: जिवंत तार लोखंडी अंगाला लागली. क्लॉथ मार्केटातल्या ट्रंकिंगमध्ये उंदराने इन्सुलेशन कुरतडलं किंवा झाकण बसवताना तार कडेत चिमटली तर नेमकं हेच होतं. फरक आकाराचा. अर्थिंग ज्या क्षणासाठी केलेलं असतं तो हा क्षण. त्याआधीचे ठिणग्यांचे तास अर्थिंगच्या कक्षेत येतच नाहीत. फेजच्या आतल्या आत सैल जोड तडतडतो तेव्हा जमिनीकडे काहीच जात नाही, म्हणून जमिनीकडची गळती ओळखून वीज तोडणाऱ्या आरसीसीबीलाही ते दिसत नाही. जोड नीट करणं हे पहिलं काम, अर्थिंग त्यानंतरचं, आणि दुर्दैवाने तेही जोडांचंच बनलेलं.

आता ती राहिलेली गोष्ट, तार शेवटी कुठे जाते. समजा दुकानाने मागच्या बोळात अर्थ पिट खणला आहे आणि ट्रंकिंगचा पत्रा तिथे जोडला आहे. बिघाडाचा प्रवाह पिटातून मातीत, मातीतून कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या पिटात आणि तिथून न्यूट्रलला जाणार. याला टीटी म्हणतात. दुकानाचा पिट साडेतीन ओहम, ट्रान्सफॉर्मरचा एक, आणि वाटेत रंग न खरवडलेला ट्रंकिंगचा एक जोड, अर्धा ओहम. एकूण पाच. २३० व्होल्ट भागिले पाच, ४६ अँपिअर.

सर्किटवर सी प्रकारची ३२ अँपिअरची एमसीबी, म्हणजे छोटा ब्रेकर, आहे. ती झटक्यात पडायला पाच ते दहा पट, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ ला ती पडेल? प्रमाणकातली हमी अशी आहे की १.४५ पट प्रवाहाला ती तासाभरात पडेल. ३२ च्या १.४५ पट म्हणजे ४६.४. आपण त्याच्याही खाली आहोत. म्हणजे एमसीबी चालू, दिवे चालू, पंखे चालू आणि गल्ल्यावर हिशेब चालू. वर माळ्यावर त्या अर्ध्या ओहमच्या जोडात ४६ गुणिले ४६ गुणिले अर्धा, १०५८ वॅट उष्णता. बादलीत पाणी तापवायचा रॉड कापडाच्या गठ्ठ्याशेजारी लावून ठेवावा, तितकी. जोडापलीकडचा पत्रा जमिनीच्या मानाने १८४ व्होल्टवर. पोऱ्या गठ्ठा काढायला वर चढला आणि त्याने आधाराला ट्रंकिंग धरलं, तर पुढचं सांगायला नको.

हे आकडे मी इंदूरच्या मानाने उदार धरले आहेत. मालव्याची काळी माती पावसाळ्यात ओली आणि चिकट असते, तेव्हा पिटचं रीडिंग सुरेख येतं. मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि ती इलेक्ट्रोडपासून सुटते. तिच्याखाली काळा पाषाण, आणि वर बाजारभर काँक्रीट आणि पेव्हर, त्यामुळे पाणी झिरपायला जागा नाही. ऑगस्टात घेतलेलं रीडिंग मला कोणी दाखवलं तर मी ते फाइलला लावतो, हिशेबात घेत नाही.

हीच तार मातीऐवजी धातूच्या सलग वाटेने ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत गेली तर? स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या मॉलमध्ये किंवा मोठ्या इमारतीत अशी वाट देता येते, टीएन-एस म्हणतात तिला. पूर्ण फेरा अर्धा ओहम धरा. ४६० अँपिअर. एमसीबी तत्क्षणी पडते. जुन्या बाजारातल्या दुकानाला ही चैन सहसा नसते. नियमाप्रमाणे वीज कंपनीने ग्राहकाच्या जागेत अर्थचं टोक द्यायचं असतं, पण जुन्या मीटरपाशी ते शोधायला बॅटरी घेऊन वाकावं लागतं. ते मिळालं नाही, किंवा मिळालं पण मोजून भरवशाचं निघालं नाही, तर मातीवर विसंबायचं आणि मेन बोर्डात आरसीसीबी बसवायची. तिला १६० अँपिअरची वाट पाहावी लागत नाही. गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळला नाही की ती पडते. आगीसाठी मुख्य जागी ३०० मिलिअँपिअरची, माणसासाठी सॉकेटच्या सर्किटांवर ३० ची. ४६ अँपिअरची गळती ३०० मिलिअँपिअरच्या मानानेही दीडशे पट. सेकंदाचा अगदी छोटा भाग पुरतो.

४.५५ ते ५.०५

उपहारमध्ये असं काहीच पडलं नाही. तेल साठवून घेणारा खड्डा ट्रान्सफॉर्मरखाली नव्हता, म्हणून ते पेटलेलं तेल दाराबाहेर वाहिलं. दारापासून जेमतेम मीटरभरावर गाड्या उभ्या होत्या. त्या पेटल्या. धूर जिन्यात शिरला, जिना धुराड्यासारखा वर खेचू लागला आणि धूर दारांतून व वातानुकूलनाच्या नळ्यांतून प्रेक्षागृहात पोचला. खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर पडू शकले. बाल्कनीतल्यांना अंधारात, सूचना देणारा ध्वनिक्षेपक नसताना, उरलेलं दार शोधायचं होतं.

इंदूरच्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. ७ मे २०२२ च्या पहाटे विजयनगर भागातल्या स्वर्णबाग कॉलनीत सात माणसं गेली. तिथेही खाली गाड्या आणि वर घरं. सकाळी सगळीकडे शॉर्ट सर्किट म्हणून बातमी गेली. मग सीसीटीव्हीत दिसलं की एका तरुणाने स्कूटर पेटवली होती. म्हणजे त्या आगीत विजेचा दोष नव्हता आणि कोणतंही अर्थिंग कामी आलं नसतं. तरी खाली वाहनं आणि त्यांच्या डोक्यावर एकुलता जिना असला, की आग कशीही लागो, धूर तीच वाट धरतो.

संध्याकाळी ५.०५

११ केव्हीचा ग्रीन पार्क फीडर बंद झाला. चित्रपटगृहात नव्हे, तळमजल्यावरच्या पॅनेलमध्येही नव्हे. जिथून वीज येत होती त्या एम्सच्या ग्रिडवर.  ट्रान्सफॉर्मरशेजारच्या रिलेने क्षणात करायचं काम दूरच्या ग्रिडवर झालं आणि मधे दहा मिनिटं गेली.

दुकानात मी संरक्षण बिघाडाच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणतो, ते यामुळे. मजल्यागणिक वेगळा बोर्ड आणि त्यात त्या मजल्याची आरसीसीबी. मालकांना हा खर्च सर्वांत जास्त खटकतो. “खाली मेनला एक आहे ना?” आहे. पण ती मुख्य असल्यामुळे पडली की सगळं दुकान अंधारात जातं. दिवाळीच्या गर्दीत दोनदा असं झालं, की तिसऱ्या वेळी कोणीतरी तिला बायपास करून टाकतं आणि पुढच्या वर्षी ती बायपास आहे हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

त्यानंतर

५९ माणसं गुदमरून गेली, सगळी बाल्कनीतली. १०३ जखमी झाली. मृतांच्या नातेवाइकांनी संघटना करून खटला लावून धरला. २००७ मध्ये सत्र न्यायालयाचा निकाल आला, मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक सुशील आणि गोपाल अन्सल यांना दोषी ठरवणं कायम केलं आणि २०१५ मध्ये ६० कोटी रुपयांचा दंड ठरवला. विद्युत बोर्डाचे कर्मचारीही दोषी ठरले.

ट्रान्सफॉर्मरमधल्या उणिवांची निकालात जी यादी आहे, तिच्यात रिले, तापमान मीटर, क्लॅम्प आणि तेलाचा खड्डा यांच्या जोडीला एक छोटी ओळ अर्थच्या केबलची आहे. ती झिजलेली होती. वीज त्या दिवशी सकाळी साडेअकराला ती तशी असतानाही आलीच होती.